घासेल त्याचं पितळ



मागच्या महिन्यात आपल्या ग्रुपवर एक फोटो आला होता, पुष्कळांना आठवत असेल. रावपुऱ्यातलं एक जुनं घर रिकामं होत होतं. ओट्यावर सगळं मांडून ठेवलेलं: पितळी परात, दोन हंडे, कल्हई उडालेली पातेली, एक समई, अडकित्ता, शिसवी पाट, चिनी मातीच्या तीन बरण्या आणि टोल्यांचं एक घड्याळ. खाली लिहिलं होतं, "ज्यांना हवं त्यांनी रविवारपर्यंत न्या. सोमवारी भंगारवाला येतोय."

त्याखाली नुसता पूर आला. "अहाहा!", "बालपण डोळ्यांसमोर उभं राहिलं", "आमच्या आजीकडे अस्संच होतं." हात जोडलेले, बदाम, डोळ्यांत पाणी आलेले चेहरे. मीही हात जोडले. सोमवारी दुपारी मला त्या घड्याळाची आठवण झाली म्हणून फोन केला. कळलं की रविवारपर्यंत दोन माणसं येऊन गेली, त्यांनी समई आणि एक बरणी नेली. बाकी सगळं टेम्पोत चढून काट्यावर गेलं.

शंभर जणांना बालपण आठवलं आणि दोघांनी पिशवी उचलली. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांत मी आहे, म्हणून आज जरा कडक लिहितोय. कुणाला लागलं तर लागू द्या, मलाही लागलेलं आहे.

माझं म्हणणं सुरुवातीलाच सांगून टाकतो. जुन्या वस्तूवर पहिला हक्क सांभाळणाऱ्याचा, नुसती आठवण येणाऱ्याचा नंतर. "कसेल त्याची जमीन" हे आपल्या पिढीनं लहानपणापासून ऐकलंय. तसंच, घासेल त्याचं पितळ.

आता हिशेबाचं बोलू, कारण जन्म त्यातच गेला. आम्हा कॉमर्सवाल्यांना शिकवलं की वस्तू आली त्या दिवसापासून तिची किंमत उतरू लागते. इन्कम टॅक्सच्या हिशेबात फर्निचरवर दरसाल १० टक्के घसारा, तोही उरलेल्या किमतीवर. हजार रुपयांचं कपाट घ्या. दहा वर्षांनी वहीत राहतात ३४९ रुपये. पन्नास वर्षांनी ५ रुपये १५ पैसे. पद्धत चोख आहे आणि धंद्यासाठी बरोबर आहे. पण आपण ती नकळत घरात आणली. आजोबांच्या सागवानी कपाटाकडे आपण त्या पाच रुपये पंधरा पैशांच्या नजरेनं बघतो, आणि त्याच्या जागी भुश्शाच्या फळीचं कपाट हप्त्यानं आणतो. ते एका पावसाळ्यात खालून फुगतं. घसारा तर त्यालाच लावायला हवा.

पितळेचं आणखी वाईट. त्याला दोनच भाव, नव्याचा आणि मोडीचा. मोडीत फक्त धातूचं वजन, त्यातूनही घट कापून. त्यात कंसाऱ्याची मजुरी कुठेच नाही. हंड्यावर जे ठोके दिसतात ते नुसती शोभा म्हणून नसतात. थंड धातूवर हातोडीनं एकसारखे ठोके घातले की धातू कठीण होतो, म्हणून पातळ पत्र्याचा हंडासुद्धा पन्नास-साठ वर्षं आकार सोडत नाही. काट्यावर चढलं की हे सगळं शून्य.

आता माझं स्वतःचं ऐका.

१९८२ साली आमच्या रावपुऱ्याच्या घरी गिझर आला. तोवर न्हाणीत तांब्याचा बंब होता आणि त्याच्या जोडीचं घंगाळ. दिवाळीचं अभ्यंगस्नान त्याच घंगाळात, बाळंतिणीचं पाणीही त्यातच. गिझर आल्यावर मी मोठा आधुनिक झालो. रविवारी भंगारवाल्याला बोलावलं आणि माझ्यासमोर वजन करून घेतलं. काटा मारत नाही ना, यावर माझं बारीक लक्ष! घंगाळ उलटं केलं तेव्हा तळाशी ठिपक्यांनी कोरलेलं नाव दिसलं. मी गमतीनं म्हटलं, "अरे, त्यावर नाव पण आहे." तो म्हणाला, "साहेब, नामना पैसा न मळे." मी हसलो. पैसे मोजून घेतले, त्यातून स्टीलच्या डब्यांचा सेट आला, आणि त्यावर मशीननं नाव घालून घेतलं. माझं.

आई काही बोलली नाही. संध्याकाळी दिवा लावताना एवढंच विचारलं, "खाली नाव होतं, ते कागदावर उतरवून घेतलंस ना?"

नव्हतं घेतलं. ते तिच्या आजीचं नाव होतं, पुढे गाव आणि साल. त्या बाईचा फोटो नाही, पत्र नाही, कुठल्या दप्तरात नोंद असेल असं वाटत नाही. तिचं नाव लिहिलेली बहुधा ती एकच जागा होती, आणि मी ती किलोच्या भावानं दिली. आई जाऊन आता बरीच वर्षं झाली. ते साल कुठलं होतं हे विचारायला कुणी उरलेलं नाही.

काही वर्षांपूर्वी एका लग्नाला गेलो होतो. हॉटेलच्या दारात तसंच तांब्याचं घंगाळ, पाणी भरून वर गुलाबाच्या पाकळ्या सोडलेल्या. लोक त्याच्यापाशी उभे राहून फोटो काढत होते. मी वाकून कड्याखाली बघितलं. होतं नाव. गुजरातीत, ठिपक्यांनी, एका बाईचं, आणि पुढे संवत. कुणाची तरी आजी. बायकोनं विचारलं, काय शोधताय? मी म्हटलं, काही नाही.

तर हे असं चक्र आहे. आपण मोडीत द्यायचं, ते कुणीतरी उचलायचं, चकचकीत करून "विंटेज" म्हणून मांडायचं, आणि मग आपलीच मुलं नव्या फ्लॅटच्या दिवाणखान्यासाठी मोडीच्या कितीतरी पट पैसे देऊन दुसऱ्याच्या आजीचा हंडा आणायची. आपल्या आजीचा हंडा तोवर वितळून त्याचे नळ झालेले असतात.

गैरसमज नको. जुन्या वस्तू शोधून घेण्याला माझा विरोध नाही. मी स्वतः जातो. अहमदाबादला साबरमतीच्या काठची रविवारी, पुण्याचा जुना बाजार, मुंबईत चोरबाजारातली मटण स्ट्रीट, या ठिकाणी सकाळ कशी जाते कळत नाही. धुळीत पडलेली एखादी पळी उचलावी, अंगठ्यानं पुसावी आणि खालून पिवळी रेघ चमकावी, हे सुख काही वेगळंच. पण डोळे उघडे ठेवा. खरी जुनी वस्तू हात लागतो तिथे झिजते: कडीच्या आतल्या बाजूला, तांब्याच्या गळ्याशी, अडकित्त्याच्या दांडीवर. सगळीकडे सारखाच काळा पडलेला "अँटिक पीस" बहुतेक वेळा ॲसिडनं काळा केलेला असतो. रविवर्म्यांच्या चित्रांचंही तेच. सयाजीराव महाराजांनी त्यांच्याकडून चित्रं काढून घेतली, त्यामुळे बडोदेकराला त्यांचं प्रेम असायचंच. त्यांचा छापखाना १८९४ मध्ये मुंबईला सुरू झाला, तिथल्या लक्ष्मी-सरस्वती घरोघरी पोचल्या. पण आज "ओरिजिनल" म्हणून जे विकतात त्यातलं बरंच नव्या छपाईचं, चहाच्या पाण्यात पिवळं केलेलं असतं. भिंगातून बघा. एकसारख्या ओळीत बसलेले बारीक ठिपके दिसले तर पैसे खिशात ठेवा.

आणि कायदाही लक्षात असू द्या. १९७२ च्या पुरावस्तू कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू देशाबाहेर नेता येत नाही. परदेशातल्या मुलाच्या बॅगेत आजेसासूबाईंची जुनी मूर्ती घालण्याआधी एकदा माहितगाराला विचारा.

आता सगळ्यात अवघड भाग. इथे माझ्या वयाचे पुरुष नाराज होतील.

पितळेच्या आठवणी काढून गळा भरून येणारे बहुतेक आपण पुरुष आहोत. "काय ती चकाकी! काय ते ताटांचं तेज!" अहो, ते तेज कुणाच्या हातचं होतं? राख, चिंच, नारळाची शेंडी घेऊन उकिडवं बसून रोजची दोन-दोन घमेली भांडी घासणारी आपली आई, काकू, मोलकरीण. त्यांच्या बोटांच्या भेगा आठवतात का कुणाला? स्टील आलं तेव्हा त्या बायकांनी सुटकेचा श्वास सोडला असेल, आणि त्यात त्यांचं काहीही चुकलं नाही. म्हणून सून पितळ नको म्हणाली की "आजकालच्या मुलींना कशाची किंमत नाही" असं बोलणाऱ्यांनी आधी सांगावं की त्यांनी स्वतः आयुष्यात किती हंडे घासले.

मी शून्य घासले होते. वयाच्या सत्तरीपर्यंत. करोनात कामवाली बाई येईना, तेव्हा पहिल्यांदा समई घेऊन बसलो. चिंचेचा कोळ, मीठ, जुना टूथब्रश. अर्धा तास लागला. चिंचेतल्या आम्लानं काळा थर सुटतो, मग साध्या पाण्यानं धुऊन लगेच कोरडं पुसायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी डाग. समईच्या खांबावर तीन बारीक रेघा आहेत हे मला त्या दिवशी कळलं. सत्तर वर्षं ती माझ्या डोळ्यांसमोर होती. वस्तू बघून कळत नाही, हाताळून कळते. आता शनिवारची घासणी माझी. घरात कुणाला सांगायला जात नाही आणि कुणाकडून कौतुकाची अपेक्षा नाही. पण तो अर्धा तास मला देवपूजेइतका शांत जातो, हे खरं सांगतो.

"पण जागा कुठे आहे?" हा प्रश्न येणारच. बरोबर आहे. वाडे गेले, अलकापुरी, गोत्री, मांजलपूरला फ्लॅट झाले. सगळं ठेवा असं मी म्हणतच नाही. सगळं ठेवणारे शेवटी माळ्यावर कोंबतात, आणि माळा म्हणजे लांबणीवर टाकलेलं भंगार. पोत्यात बांधलेला हंडा वीस वर्षं कुणी बघत नाही, मग घर विकताना एकदम टेम्पो येतो. त्यापेक्षा चारच वस्तू ठेवा, पण रोजच्या कामाला लावा.

आमच्याकडे काय केलं ते सांगतो, फुशारकी म्हणून नाही, नमुना म्हणून. रावपुऱ्याच्या घरातला मोठा हिचका फ्लॅटमध्ये मावणं शक्यच नव्हतं. त्याच्या पितळी कड्या तेवढ्या आणल्या, मोर आणि हत्ती असलेल्या. पाटी नवी, लहान, सुतारानं करून दिली. संखेड्याहून घ्यायचा विचार होता, तिथलं लाखेचं लाल-सोनेरी काम आपल्या बडोद्याच्या घरांत पिढ्यान्पिढ्या नांदलंय, पण गॅलरीत पाऊस येतो, लाख टिकली नसती. कड्यांचे सांधे दर महिन्याला तेलाचे दोन थेंब मागतात. दुपारचा चहा तिथेच होतो. नातवंडं आली की भांडण त्याच्यावरच.

पाटा-वरवंट्यातला पाटा तुळशीच्या कुंडीखाली आहे. वरवंट्यानं अजून चटणी होते, पाटा धुऊन वर घेतला की झालं. फुटक्या जात्याची खालची तळी पक्ष्यांच्या पाण्याला ठेवलीय. बुलबुल येतात, चिमण्या कमी. चिनी मातीची एक बरणी झाकण फुटलेली होती. सौराष्ट्रात गणपुले नावाच्या मराठी माणसानं परशुराम पॉटरी काढली, तिथल्या बरण्यांत आपल्या कितीतरी घरांचं लोणचं मुरलं आहे. तिला भोक पाडायचं पाप केलं नाही. आत प्लॅस्टिकची कुंडी बसवली आणि त्यात मोगरा लावला.

बागेत जुनी भांडी ठेवणाऱ्यांना दोन सूचना. तांब्या-पितळेच्या भांड्यात पाणी भरून मासे सोडू नका. तांबं पाण्यात उतरतं आणि मासे मरतात. कमळ-मासे हवे असतील तर दगडी डोण किंवा सिमेंटचं टाकं बघा. आणि मासे नसलेलं पाणी आठवड्याला ओतून भांडं घासायचंच, नाहीतर शोभा आपली आणि डेंग्यू शेजाऱ्याचा.

स्वयंपाकाला पितळ वापरणार असाल तर कल्हई हवीच, नाहीतर ताक-आमटी कळकते. भांडं तापवून, नवसागर टाकून, कापसाच्या बोळ्यानं कथील फिरवणारा कल्हईवाला आता शोधावा लागतो. सापडला की त्याचा नंबर ग्रुपवर टाका आणि भाव करू नका. कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून कल्हईचं भांडं रिकामं गॅसवर ठेवून फोनवर बोलत बसू नये. हेही अनुभवावरून.

काही जण म्हणतील, हे सगळं संग्रहालयाला द्या की. पुण्याच्या दिनकर केळकरांना माझा दंडवत आहे. १९२० च्या सुमारास त्यांनी जमवायला सुरुवात केली. लोक ज्याला अडगळ समजत होते ते अडकित्ते, दिवे, दारं त्यांनी गोळा केली. अकाली गेलेल्या मुलाचं, राजाचं, नाव संग्रहालयाला दिलं आणि १९७५ साली सगळं सरकारच्या स्वाधीन केलं. अहमदाबादला विशालात सुरेंद्र पटेलांनी नुसत्या भांड्यांचं संग्रहालय उभं केलंय. दोन्ही बघून या. पण संग्रहालय किती समया घेणार? आणि काचेमागचा अडकित्ता सुपारी कातरत नाही.

आपल्या रावपुऱ्यातच बघा ना. दिवाण भाऊ तांबेकरांचा वाडा पुरातत्त्व खात्यानं सांभाळलाय, म्हणून भिंतींवरची एकोणिसाव्या शतकातली चित्रं आज आपण बघू शकतो. उत्तम झालं. तिथे गेलो की मात्र माझ्या मनात येतं, या घरातले पाट कुठे गेले? पाणी तापवायचे हंडे? मुलांचे पाळणे? १८९६ सालचा रावपुऱ्याचा टॉवर आणि तांबेकरांच्या भिंती सरकार जपेल. घरातली पळी सरकार जपणार नाही. ते काम घरच्यांचं, आणि घरच्यांनी नाकारलं तर दुसऱ्या कुणाचंच नाही.

तेव्हा माझी सूचना अशी. पुढच्या वेळी ग्रुपवर असा फोटो आला की नुसते हात जोडणं बंद. एकतर जाऊन एक वस्तू उचला, किंवा जो उचलेल अशा माणसाला फोन करा. तुमच्या स्वतःच्या घरात असेल तर मुलांना विचारा, कोण वापरणार? जो वापरणार त्याला आत्ताच देऊन टाका, मृत्युपत्राची वाट बघू नका. मुलगा-सून नको म्हणाले तर रागावू नका. भाची असेल, शेजारची मुलगी असेल, हौशी विद्यार्थी असेल. परका हात चालेल, पण वस्तू हातात राहू दे. आणि देताना ती कुणाची, कुठून आली, हे चार ओळींत लिहून सोबत द्या. कोणीच मिळालं नाही आणि विकावंच लागलं तर विका, त्यात लाज नाही. प्रत्येकाची अडचण असते. पण आधी उलटं करून तळ बघा.

आज जेवणं झाली की तुमच्याकडचं सगळ्यात जुनं भांडं खाली काढा, पुसा, आणि त्यावर नाव असेल तर इथे खाली लिहा. नाव, गाव, साल, जे वाचता येईल ते. अक्षरं झिजलेली असतील तर वरून थोडं पीठ चोळा, ठिपके उठून दिसतात. मला लिहायला माझ्याकडे ते नाव नाही. तुमच्याकडे असेल.